उपऱ्याची मिरास

अब्राहामाला परमेश्वराने ज्या देशाचे अभिवचन दिले होते त्याच कनान देशात तंबू ठोकीत आणि तंबू उपटीत त्याची कितीतरी वर्षे गेली. आणि त्याची पत्नी सारा हेब्रोन येथे मरण पावली तेव्हा तिला मूठमाती देण्यापुरतीही जमीन त्याच्या मालकीची नव्हती. उत्पत्तीच्या २३ व्या अध्यायात हा प्रसंग दप्तरातील एखाद्या दस्तऐवजाच्या बारकाईने नोंदलेला आहे. शोकाकुल वृद्ध उठतो, गावच्या हित्ती लोकांपुढे लवून आपण येथे परके व उपरे आहोत असे सांगतो आणि प्रेत पुरण्यासाठी जागा मागतो; एफ्रोन नावाचा जमीनधारक ती जागा विनामूल्य देऊ करतो; परंतु अब्राहाम ते औदार्य नम्रपणे बाजूला सारून, वेशीजवळ जमलेल्या साक्षीदारांसमक्ष ४०० शेकेल रुपे तोलून देतो, आणि मकपेलाचे शेत, त्यातील गुहा व चतुःसीमेच्या आतील झाडे यांसह तो व्यवहार पक्का होतो. सबंध देशाचे वचन ज्याला मिळाले त्याच्या हाती अखेरीस जे खरेदीखत आले, ते एका थडग्याचे होते.

ख्रिस्ती मनुष्य स्वतःला या जगातील प्रवासी म्हणवितो त्या कल्पनेचे मूळ येथपर्यंत जाते, आणि नव्या करारातील इब्री लोकांस पत्राच्या ११ व्या अध्यायात अब्राहामाच्या तंबूतील वास्तव्याचे स्मरण मोठ्या गौरवाने केलेले आहे. जग ही धर्मशाळा आहे हा विचार आपल्या संतांच्या वाणीतून मराठी वाचकाच्या कानांवर पिढ्यानुपिढ्या पडत आला असल्यामुळे तो ऐकताच त्याला ओळखीचा वाटतो, आणि म्हणूनच त्याच्या ख्रिस्ती रूपाचे जे वैशिष्ट्य आहे ते नजरेतून निसटण्याचा संभव अधिक. या परंपरेत स्वतःला उपरा मानण्याचा पहिला परिणाम दिसतो तो अरण्यात नाही, संन्यासात नाही. तो जमिनीच्या कायद्यात दिसतो.

लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात इस्राएल लोकांना असा दंडक घालून दिलेला आहे की, जमीन कायमची विकता येणार नाही, कारण ती परमेश्वराची असून लोक तिच्यावर केवळ परके व पाहुणे म्हणून राहत आहेत. दर ५० व्या वर्षी गरिबीपायी विकलेले शेत मूळ कुटुंबाकडे परत जावे आणि कर्जापायी चाकरीत अडकलेला इस्राएली मोकळा व्हावा. हा दंडक प्रत्यक्षात किती अमलात आला याविषयी विद्वानांत मतभेद आहेत, परंतु त्यामागील विचाराविषयी शंका घेण्यास जागा नाही. पेशवाईतील आपल्या गावगाड्यात मिरासदार आणि उपरी असे कसणाऱ्यांचे दोन वर्ग असत : मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा, गावकीत मानपानाचा, उपरी बाहेरून आलेला, थोड्या मुदतीच्या करारावर जमीन कसणारा आणि गावच्या मानात वाटा नसलेला. मोशेच्या नियमशास्त्राने सबंध राष्ट्रालाच उपरी ठरवून मिरास एकट्या परमेश्वराच्या नावे लावली. आणि मिरास माणसांपैकी कोणाचीच नाही असे एकदा ठरल्यावर पुढची गोष्ट ओघानेच आली की, शेताचे काठ कापून घेऊ नयेत, सुगीत गळलेली कणसे वेचून नेऊ नयेत, द्राक्षमळ्यातील पडलेली फळे गोळा करू नयेत. ती गरिबासाठी आणि परदेशीयासाठी तशीच राहू द्यावीत. स्वतःचा हक्क जेथे सैल होतो तेथे हक्क नसलेल्या दुसऱ्या कोणाला तरी शिरकाव मिळतो, असा हा क्रम आहे. आणि ख्रिस्ती आत्मत्यागाचा पुढचा सगळा इतिहास याच कसोटीवर घासून पाहावा असे मला वाटते. त्यागात काय सोडले याची मोजदाद लोक हौसेने करतात. सोडलेले कोणाच्या हाती गेले आणि मुळात ते कोणाच्या वाट्याचे होते, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात.

येशूने आपल्या मागे येऊ इच्छिणाऱ्याला स्वतःचा त्याग करून आपला वधस्तंभ उचलावयास सांगितले, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने वधस्तंभ हे देवघरातील चिन्ह नव्हते. रोमन अमलात ती दासांना आणि बंडखोरांना देण्याची शिक्षा होती, आणि ते लाकूड खांद्यावर घेऊन भर रस्त्याने जाणारा मनुष्य आपले घर, आपले शेत, आपली अब्रू यांवरील सर्व दावे मागे टाकून चाललेला असे. इतकी कठोर उपमा योजणाऱ्या या गुरूने त्यागाच्या ढोंगाला मात्र यत्किंचितही थारा दिला नाही. आईबापांच्या पोषणासाठी लागणारा पैसा देवाला अर्पण केला आहे असे जाहीर करून त्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांची त्याने केलेली कानउघाडणी मार्काच्या शुभवर्तमानाच्या ७ व्या अध्यायात आहे. म्हाताऱ्या आईचा घास काढून तो वेदीवर ठेवणे हा त्याच्या लेखी त्यागच नव्हता.

ख्रिस्ताच्या निर्वाणानंतर त्याचे अनुयायी रोमन साम्राज्यभर पसरले, आणि पेत्राचे पहिले पत्र पंत, गलतीया, कप्पदुकिया, आशिया व बिथुनिया या आजच्या तुर्कस्तानातील प्रांतांत विखुरलेल्या अशा लोकांना परके व प्रवासी या नात्याने संबोधिते. त्या काळी परकेपणा ही काव्यकल्पना नव्हती. नगराचा नागरिक नसलेल्या रहिवाशाला तेथे राहता येई, राबता येई, करही द्यावा लागे. परंतु नगराच्या कारभारात त्याचा शब्द चालत नसे. उलट फिलिप्पै ही मासेदोनियातील रोमन वसाहत निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसविलेली, आपल्या नागरिकत्वाचा अभिमान बाळगणारी. आणि तेथील मंडळीला पौलाने लिहिले की आपले नागरिकत्व स्वर्गातील आहे. ज्यांच्याजवळ सनद नव्हती त्यांना या शिकवणीने धीर दिला आणि ज्यांच्याजवळ होती त्यांची मान खाली घातली, हे तिचे सामर्थ्य होय. पण याच पेत्राच्या पत्रात दासांना कठोर धन्याचेही सोसून त्याच्या अधीन राहण्याचा उपदेश आहे, आणि पुढे शतकानुशतके गुलामांचे धनी, जुलमी पती आणि संस्थाने गिळणारे राज्यकर्ते यांनी तो दुबळ्यांच्या तोंडावर फेकला, ही गोष्ट लपवून ठेवण्यात अर्थ नाही. स्वतः सोसावयाचे व्रत दुसऱ्यावर लादले की त्याचा जुलूम होतो. ज्याच्या हाती कधी काही आलेच नाही त्याला सोडण्याचा उपदेश करण्याचा अधिकार तृप्त मनुष्याला नाही.

दुसऱ्या शतकातील म्हणून साधारणपणे मानले जाणारे, दियग्नेत नावाच्या गृहस्थाला उद्देशून लिहिलेले एक छोटेसे पत्र ख्रिस्ती लोकांच्या या विचित्र स्थितीचे वर्णन करते. त्याचा कर्ता कोण हे ज्ञात नाही. पंधराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपल येथे मासळीविक्रेत्याच्या दुकानातील बांधावयाच्या रद्दीत त्याची एकमेव हस्तलिखित प्रत सापडली, आणि १८७० साली जर्मन तोफांच्या भडिमारात स्ट्रासबर्गचे ग्रंथालय जळाले तेव्हा तीही नष्ट झाली. सुदैवाने तोवर तिच्या नकला झालेल्या होत्या. या पत्राचा लेखक सांगतो की, ख्रिस्ती लोकांची वेगळी नगरे नाहीत, वेगळी भाषा नाही, वेगळा पेहराव नाही. ते चारचौघांसारखी लग्ने करतात, मुलेबाळे वाढवितात, परंतु नकोशी झालेली अर्भके त्या काळच्या रूढीप्रमाणे उघड्यावर टाकून देत नाहीत. प्रत्येक परमुलूख त्यांना स्वदेशासारखा आणि स्वदेश परमुलखासारखा. त्याच शतकात रोममध्ये लिहिलेल्या हेर्माच्या 'मेंढपाळ' या ग्रंथात उपवासाची जी रीत दिली आहे ती तर मला फार मोलाची वाटते : उपवासाच्या दिवशी भाकरी आणि पाणी एवढ्यावरच राहावे, एरवी त्या दिवशी जेवणाला किती खर्च आला असता त्याचा हिशेब करावा आणि ती रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी. उपाशी राहणाऱ्याच्या पोटातून निघालेला घास भुकेल्याच्या पोटात जावा असा हा चोख जमाखर्च आहे.

चवथ्या शतकात सम्राटच ख्रिस्ती झाले, छळ थांबला, बिशपांना दरबारात मान मिळू लागला, आणि ज्या लोकांनी परके म्हणून जगण्याची सवय केली होती त्यांच्यापुढे एकाएकी मिरासदार होण्याचा मोह उभा राहिला. मिसर देशातील वाळवंट तपस्व्यांनी भरून गेले ते मुख्यतः याच शतकात. परंतु त्यांचा अग्रणी अंतोनी हा छळाचा काळ संपण्यापूर्वीच घराबाहेर पडलेला होता. मंदिरात वाचलेले शुभवर्तमान ऐकून त्याने वडिलार्जित शेती देऊन टाकली, इतर मालमत्ता विकून पैसा गरिबांत वाटला, आणि धाकट्या बहिणीला व्रतस्थ कुमारिकांच्या स्वाधीन करून तो अरण्यवासाला लागला. त्याच्या निष्ठेविषयी मनात आदरच आहे; तरीही त्या बहिणीची इच्छा कोणी विचारली होती काय, हा प्रश्न ते चरित्र वाचताना मनाला बोचत राहतो. पाखोम याची कथा वेगळी. सक्तीने सैन्यात भरती झालेला हा तरुण थेब्स येथे इतर रंगरुटांबरोबर कोंडलेला असताना तेथील अनोळखी ख्रिस्ती लोकांनी त्यांना अन्न आणून दिले. हे लोक कोण आणि आमच्यासाठी हे का करतात, या विचारातून तो ख्रिस्ताकडे वळला, आणि पुढे नाईलच्या काठी त्याने सामुदायिक मठजीवनाचा पाया घातला. या तपस्व्यांचा दिवस प्रार्थनेइतकाच श्रमात जाई. खजुराच्या झावळ्यांच्या टोपल्या व दोर वळून ते विकीत, त्यावर पोट भरीत आणि उरलेले गरिबांना देत. सीरियात शिमोन नावाचा तपस्वी तीन तपांच्या आसपास खांबावर उभा राहिला, त्याचे नावही सर्वतोमुखी झाले. परंतु टोपल्या विणणाऱ्या त्या अज्ञात वृद्धांकडेच माझे मन अधिक ओढ घेते.

पेत्राच्या पत्रातील प्रांतांपैकी कप्पदुकिया हा एक. तेथील कैसरिया नगरात ३६९ च्या सुमारास दारुण दुष्काळ पडला तेव्हा बसील नावाच्या ख्रिस्ती धर्मगुरूने आपली संपत्ती त्यात घातली, कोठारे दाबून बसलेल्या धनिकांना व्यासपीठावरून खडसावून ती उघडावयास लाविले, आणि स्वतः कमर बांधून भुकेल्यांना अन्न वाढले. बिशप झाल्यावर नगराबाहेर त्याने वाटसरू, रोगी आणि महारोगी यांच्यासाठी एवढी मोठी वस्ती उभारली की समकालीनांनी तिला नवे नगरच म्हटले. एकट्याने अरण्यात राहणाऱ्या तपस्व्याला त्याने विचारले की, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तू कोणाचे धुणार? हा प्रश्न विचारण्याचे बळ त्याला ज्या घरातून मिळाले तेथे त्याची थोरली बहीण मक्रिना हिने केलेला त्याग त्याहूनही अवघड होता. तिने आईचे मन वळवून घरच्या दासींबरोबर एकाच पंक्तीला, एकाच प्रतीच्या अन्नावर आणि एकाच प्रतीच्या बिछान्यावर राहण्याचा क्रम सुरू केला. आणि दुष्काळात रस्त्यावर टाकलेल्या मुली उचलून आणून वाढविल्या. संपत्ती सोडणारे पुष्कळ निघतात. मालकीण असण्याची सवय सोडणारी विरळा.

आपल्या मुलखाच्या शेजारी, गोव्याच्या भूमीत असा एक पुरुष निपजला की ज्याच्या आयुष्यात प्रवासीपण आणि आत्मत्याग यांचा सांधा कोठेही दिसेनासा व्हावा. जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे झाला, घराणे सांकवाळचे. त्या काळी युरोपीय संन्यासी संघांची दारे एतद्देशीय धर्मगुरूंना बंद असत. तेव्हा जुने गोवे येथे गोमंतकीय धर्मगुरूंनी स्वतःच जो संघ स्थापिला त्याला वाझ यांनी वळण लावले. लंकेत त्या वेळी बिकट स्थिती होती. डच कंपनीने १६५८ पर्यंत पोर्तुगिजांना बेटावरून हुसकून लावले, कॅथलिक धर्मगुरूंना हद्दपार केले आणि कॅथलिक उपासनेवर बंदीचे हुकूम काढले. तेथील कॅथलिक लोक वर्षानुवर्षे धर्मगुरूविना राहिले. पोर्तुगालच्या राजाचे आरमार त्यांना सोडवू शकले नाही. वाझ यांनी धर्मगुरूचा झगा उतरवून मजुराचे फाटके वस्त्र पांघरले आणि जॉन नावाच्या एका निष्ठावंत सेवकासह १६८७ साली ते जाफन्याच्या किनाऱ्याला लागले.

तेथे पोचताच ते आजाराने जर्जर झाले. प्रकृती सावरल्यावर गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत फिरू लागले. त्या माळेकडे ज्याची नजर वेगळ्या ओळखीने वळेल तो आपला, हे हेरण्याचा तेवढा एकच मार्ग त्यांच्यापाशी होता. रात्री गुप्तपणे प्रार्थना, दिवसा मुक्काम बदलणे, असा क्रम काही वर्षे चालला. पुढे १६९२ साली ते कँडीच्या स्वतंत्र राज्यात गेले तेव्हा पोर्तुगिजांचे हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आले. परंतु तेथील बौद्ध राजा दुसरा विमलधर्मसूर्य याची खात्री पटल्यावर त्याने त्यांना मोकळीक दिली. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या डच सत्तेने ज्याचा पाठलाग केला त्याला बौद्ध राजाने आश्रय दिला, हे या इतिहासातील सत्य प्रत्येक ख्रिस्ती वाचकाने कृतज्ञतेने ध्यानात ठेवावे.

१६९७ साली कँडीत देवीची साथ आली. राजदरबार नगर सोडून गेला, लोकांनी आपले रोगी रानात नेऊन सोडले. वाझ आणि त्यांचे नातलग धर्मगुरू जोसेफ कार्व्हाल्यो हे दोघे मागे राहिले. झोपड्या उभारून त्यांनी रोग्यांना आत आणले, त्यांची जखमांनी भरलेली शरीरे धुतली, त्यांना भरविले, मेलेल्यांना मूठमाती दिली. आणि त्यात हा आपल्या धर्माचा, हा परका, असा भेद त्यांनी केला नाही. ज्यांचे हे घर होते, ही मिरास होती, ते निघून गेले, आणि परवान्याविना आलेला एक परदेशी राहिला. लोभाने धरून ठेवावे असे त्या नगरात त्याचे काही नव्हते. त्यामुळे तेथील आजाऱ्यांसाठी द्यावयाला त्याच्यापाशी सर्वच होते. पुढे अधिकाराचे मोठे पद देऊ केले असता त्यांनी ते स्वीकारले नाही. तमिळ आणि सिंहली या भाषा आत्मसात करून, जन्मभूमीला पुन्हा न परतता, १६ जानेवारी १७११ रोजी ते कँडी येथेच वारले. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संत म्हणून घोषित केले.

गृहस्थाश्रमी माणसाने मात्र काय करावे? जॉन बन्यन या इंग्रज धर्मोपदेशकाचे उदाहरण येथे मोठे बोधक आहे. सरकारी परवान्याविना उपदेश केल्याबद्दल १६६० पासून १२ वर्षे तो बेडफर्डच्या तुरुंगात होता. उपदेश करणार नाही एवढे लिहून दिले असते तर दार उघडले असते. पण बाहेर एक आंधळी मुलगी आणि इतर लेकरे होती, आणि त्यांच्यासाठी तो कोठडीत बसून बुटांच्या नाड्या तयार करीत असे. यात्रेकरूच्या प्रवासाचे त्याचे प्रसिद्ध रूपक १६७८ साली छापले गेले. १८४१ साली हरि केशवजी यांनी ते 'यात्रिकक्रमण' या नावाने मराठीत आणले. त्या रूपकातला नायक बायकामुलांच्या हाका ऐकू येऊ नयेत म्हणून कानांत बोटे घालून पळत सुटतो. बन्यनच्या मनाला ते टोचले असावे, कारण १६८४ मध्ये त्याने दुसरा भाग लिहिला आणि त्यात ती बायको आपल्या मुलांसह त्याच वाटेने निघते, वाट चुकलेल्यांना आणि दुबळ्यांना बरोबर घेत, सावकाश.

नारायण वामन टिळकांच्या घरी हा प्रश्न प्रत्यक्ष नांदला. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेले हे कवी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले, आणि त्या दिवशी आपल्या गोतातील स्थान, वतन, आप्त यांना ते खरोखरीच परके झाले. तेवढ्यावर न थांबता १९१७ साली त्यांनी अमेरिकन मिशनशी असलेला चाकरीचा संबंधही सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला; बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा ख्रिस्तभक्तांना त्यात सारखीच जागा असावी आणि हिंदी ख्रिस्ती मनुष्याने परदेशी पगाराच्या आधाराविना आपल्या देशबांधवांत उभे राहावे, ही त्यांची आकांक्षा होती. परकीय वेतनावर चाललेल्या मंडळीत हे पाऊल उचलण्यास किती धैर्य लागले असेल याची कल्पना आज सहज येत नाही.

परंतु या उदार पुरुषाच्या त्यागाचा खर्च कोणाच्या खात्यावर पडला, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथावाचून कळत नाही. घरात आलेला पैसा आणि वस्तू टिळक समोर येईल त्या गरजवंताला देऊन टाकीत, आणि दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटावी ही चिंता मागे राहणाऱ्या बाईची असे. पतीच्या धर्मांतराने लक्ष्मीबाईंची तर काही वर्षे ताटातूटच झाली. त्या काळातले त्यांचे दुःख त्यांनी स्वतः निवडलेले नव्हते. पुढे त्या आपल्या बुद्धीने आणि आपल्या वेळेने ख्रिस्ताकडे आल्या. सोवळ्याओवळ्याचा कडक संस्कार त्यांनी एकेक पायरीने, प्रत्येक पायरीवर स्वतःशी झगडत सोडला. आणि ज्या दिवशी कोणाच्याही हातचे पाणी घेण्यास त्यांचे मन राजी झाले, त्या दिवशी त्यांनी जे टाकले ते टिळकांनी वाटलेल्या पैशांहून फार मोठे होते, कारण ते सर्वस्वी त्यांचे स्वतःचे होते. अनाथ मुलांना या दांपत्याच्या घरात थारा मिळाला, तो दोघांच्या त्यागाची गाठ पडल्यावर. टिळक ९ मे १९१९ रोजी वारले तेव्हा 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य आरंभीच्या काही अध्यायांवर थांबलेले होते. आणि लग्न झाले तेव्हा ज्यांना अक्षरओळखही नव्हती, त्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहावयास घेतले.